आरामाचे वस्ताद

काळबांडे वस्तादांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते झोपलेले होते. संध्याकाळचे साडेपाच वाजून गेले होते. नागपूरच्या सक्करदऱ्याच्या आखाड्यात पंधरा-वीस जण लंगोट कसून उभे होते, आणि त्यांच्याकडून घाम गाळून घेण्यासाठी नेमलेला माणूस मारुतीच्या ओट्याला लागून, सतरंजीवर, तोंडावर दुपट्टा टाकून घोरत होता. मी शेजारच्याला हळूच विचारलं, "वस्तादांना बरं नाही का?"

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरं काहून नसन? वस्तादाचा आराम चालू हाय. सहाले उठते."

सहाला वस्ताद उठले, तोंडावर पाणी मारलं आणि थेट माझ्याकडे आले. मी तेव्हा तेहतीस वर्षांचा होतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका सरकारी कचेरीत कारकून. छातीत धडधडायचं, कंबर धरायची, खाल्लेलं अंगी लागत नव्हतं. डॉक्टरांनी ताबडतोब व्यायाम सुरू करायला सांगितला होता, आणि मीही सरकारी शिस्तीला जागून ताबडतोब, म्हणजे सहा महिन्यांनी, आखाड्यात हजर झालो होतो. नवा लंगोट पिशवीत होता. पन्नास दंड मारायला लागणार या कल्पनेनं आदल्या दिवसापासूनच हात दुखत होते.

"झोप किती घेता?" वस्तादांनी विचारलं.

"पाच तास. कधी साडेचार." हे मी जरा अभिमानानंच सांगितलं. कमी झोपणारा माणूस मोठा असतो, असा त्या काळी माझा समज होता.

"काहून? हापिसात पहारा द्या लागते का?"

"नाही, काम घरी आणतो."

"साहेबानं सांगतलं?"

"नाही."

"म्हनजे कोनी सांगतलं नाही, अन् तुमी फुकटचे थकून राहिले. तुमाले बिमारी नाही बाबूसाहेब, हौस हाय. जा घरी. पंधरा दिवस साडेनऊले झोपजा. मंग येजा."

मी तिसऱ्या दिवशीच परत गेलो आणि झोपतो म्हणून सांगितलं. त्यांनी माझी खालची पापणी बोटानं ओढून पाहिली आणि म्हणाले, "खोटं बोलून राहिले. आता अठरा दिवस." आयुष्यात परीक्षेत नापास झालो होतो, बढतीत मागे राहिलो होतो, पण झोपण्यात नापास होण्याची ही पहिलीच वेळ. शेवटी रागानं मी खरोखरच साडेनऊला झोपू लागलो. कचेरीतल्या फायली जिथं होत्या तिथंच राहिल्या आणि कोणाचंही काही अडलं नाही. सरकार माझ्यावाचून चालतं, हे कळून प्रकृतीला आराम पडला, मनाला मात्र थोडं लागलंच. अठरा दिवसांनी वस्तादांनी मला दंड शिकवले. पाच.

दिसायला ते वस्ताद वाटत नसत. ठेंगणे, पोट किंचित पुढे, कुस्तीत मोडलेले दोन्ही कान भज्यांसारखे फुगलेले. मौद्याकडच्या एका खेड्यात घरची शेती होती, ती भाऊ पाहायचा. हे विशीत कुस्तीसाठी नागपुरात आले आणि इथलेच झाले. आखाड्याच्या मागच्या दोन खोल्या त्यांना राहायला दिलेल्या होत्या. तिथं सरजाकाकू, त्यांची बायको, चुलीवर चहा ठेवता ठेवता आमच्यापैकी कोणाला तरी ऐकवत असायची, "दिवसा झोपनारा मानूस जगाले ताकद शिकवते. अन् हे जग शिकते, त्याचंच मले नवल वाटते." वस्ताद हे ऐकून मान डोलवत. घरात आपल्यापेक्षा तिखट माणूस आहे, ही गोष्ट त्यांना बहुधा आवडत असावी.

त्यांच्या बोलण्यात उपदेश कधी उपदेशाच्या वेशात येत नसे. कोणी ताप असताना जोर मारायला आला की म्हणत, "शरीर म्हनजे सरकारी जीप नाही गा, दुसऱ्याची समजून हाकाले." एक विद्यार्थी रोज बदामाची पुडी दाखवून खायचा. त्याला म्हणाले, "बदामानं पैलवान होत असते तं बदामाच्या बोऱ्यावर बसनारा किराणावाला साऱ्यात पहिले झाला असता." आखाड्यात एक मोठा आरसा होता. त्याच्यासमोर दंड फुगवून उभ्या राहणाऱ्या एका तरुणाला ते बराच वेळ पाहत राहिले आणि शांतपणे म्हणाले, "आरशातला लय मजबूत हाय. तुह्याऐवजी थोच लढन का विचारून घे." दुसऱ्या दिवशी आरसा काकूच्या खोलीत गेला. तिनं त्याच्यापुढे लाकडं रचली.

पण गंमत करणाऱ्या या माणसाला एका गोष्टीची गंमत चालत नसे. ताकद आली की ती कोणावर तरी वापरून पाहायची खाज काहींना सुटते. आमच्यातल्या एका धटिंगणानं सायकल रिक्षावाल्याला वाट अडवली म्हणून दोन थोबाडीत ठेवून दिल्या. वस्तादांच्या कानावर गेलं. त्यांनी त्या रिक्षावाल्याला शोधून आणलं, त्याच्याच रिक्षात मागच्या सीटवर बसवलं आणि धटिंगणाला सांगितलं, "आता सक्करदऱ्याच्या तलावाले चक्कर मार. मांड्यांचा व्यायाम हाय." रिक्षावाला बिचारा अवघडून सीटच्या कडेवर बसला होता. वस्ताद त्याला म्हणाले, "टेकून बसा भाऊ. याले सवय नाही, धक्के देईन." अर्ध्या चकरेनंतर धटिंगणाच्या पिंडऱ्यांत गोळे आले आणि तो खाली उतरून ढसढसा रडू लागला. तेव्हा वस्तादांनीच त्याचे पाय चोळून दिले. पुन्हा त्यानं कोणावर हात उचलल्याचं मी ऐकलं नाही.

आखाड्याच्या कमिटीला मात्र वस्ताद फारसे पचत नसत. अध्यक्ष होते लकडगंजातले एक लाकडाचे व्यापारी. त्यांना सगळे सेठजीच म्हणत, मीही तेच म्हणतो. आखाड्याच्या छपराचं सागवान त्यांच्या वडिलांनी दिलेलं होतं, आणि त्यामुळे त्या छपराखाली फुगणाऱ्या प्रत्येक छातीवर आपला हक्क आहे असं सेठजी मानत. स्वतः त्यांनी कधी व्यायाम केला नव्हता. दंड हा शब्द त्यांना फक्त कोर्टाच्या संदर्भात माहीत होता. आखाडा सोमवारी बंद का असतो, वस्ताद कामाच्या वेळी झोपतात का, असे प्रश्न ते दर बैठकीत विचारत, आणि वस्ताद दर बैठकीत म्हणत, "सेठजी, आरा मशीनही थंडी होऊ देता ना तुमी? मंग मानसानं काय घोडं मारलं?"

या सेठजींच्या लाकूड चिरायच्या आरा मशीनवर वसंता काम करायचा. बाविशीतला, अंगानं सागाच्या खोडासारखा, बोलायला कमी. त्याचा बाप त्याच मशीनवर काम करता करता गेला होता आणि आई लोकांकडे दळण-कांडण करायची. तिनं स्वतः वसंताला हाताला धरून आखाड्यात आणलं होतं. वस्तादांच्या हाताखाली तो सात वर्षांत असा तयार झाला की आजूबाजूचे आखाडे त्याच्याशी जोड लावायला कचरू लागले. वस्ताद तोंडावर कधी कौतुक करत नसत. फार खूश झाले तर म्हणत, "आज थोडं बरं लढला."

सत्तर सालच्या आगेमागे कधीतरी मौद्याला मोठी दंगल ठरली. कुस्त्यांना मंत्री येणार होते, आणि शेवटची कुस्ती मारणाऱ्याला सरकारी नोकरीत चिकटवून देतो असं त्यांनी म्हटल्याची बातमी आमच्यापर्यंत आली. सेठजींनी लगेच वसंताचं नाव दिलं. त्यात एकच अडचण होती. वसंता नुकताच काविळीतून उठला होता. डोळ्यांतला पिवळेपणा गेला होता, पण वस्ताद त्याला अजून मातीत पाय ठेवू देत नव्हते. रोज बोलावायचे आणि ओट्यावर निजवून ठेवायचे. आमच्यापुढे आडवं पडून राहण्याची त्याला भयंकर लाज वाटे.

दंगलीला आठ दिवस असताना सेठजी संध्याकाळी आखाड्यात आले.

"वस्ताद, वसंताचं नाव दिलं म्या."

"वापस घ्या."

"अरे, मंत्रीजी खास येऊन राहिले!"

"मंग मंत्र्यालेच उतरवा. तब्येत चांगली हाय त्याहीची."

सगळे हसले. सेठजी हसले नाहीत. "मजाक सोडा वस्ताद. पीलिया उतरून महिना झाला त्याचा."

"डोयातून उतरला. लिव्हरले विचारलं का तुमी?"

तेवढ्यात ओट्यावरून वसंता उठून बसला. "मी लढतो वस्ताद," तो म्हणाला. "नोकरीचा सवाल हाय. माहा बाप आऱ्यावर मेला. मीबी तिथीच मरू का?"

वस्तादांनी त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तू लढशीन. जिंकशीनबी. अन् मंग खाटेवर पडशीन. नोकरीवर कोन जाईन, खाट?"

हे त्यांनी बोलायला नको होतं. वसंताचा चेहरा एकदम उतरला. त्यानं सदरा उचलला आणि सेठजींच्या मागोमाग बाहेर पडला. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. सेठजींच्या आवारातच त्याची तयारी चालू आहे, त्याला तूप-बदाम मिळत आहेत असं कळलं.

दंगलीच्या दिवशी सकाळी वस्ताद माझ्या घरी आले. "बाबूसाहेब, तुमची लेखनी चालते. एक चिठ्ठी लिवून द्या. अन् माह्यासंगं मौद्याले चला." वस्तादाच्या संमतीशिवाय पैलवानाला मातीत उतरवायचं नाही, असा जुना रिवाज पंच पाळत असत. मी लिहून दिलं: उपरोक्त पैलवान आजारातून पूर्ण बरा झालेला नसल्यानं त्यास कुस्ती खेळण्यास आमची संमती नाही, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. खाली वस्तादांनी वळणदार नसलेली सही केली. माझ्या संपूर्ण नोकरीत मी लिहिलेल्या कागदावर त्याच दिवशी कार्यवाही झाल्याचा तो एकमेव प्रसंग.

एसटीनं आम्ही मौद्याला गेलो. माणसांचा समुद्र लोटला होता. पंचांनी चिठ्ठी वाचली, वस्तादांशी दोन शब्द बोलले आणि मान हलवली. शेवटच्या कुस्तीला वसंता लंगोट कसून, अंगाला माती लावून आत आला. लोकांनी शिट्ट्या मारल्या. पंच त्याच्याजवळ गेले, काहीतरी म्हणाले, आणि हात धरून त्याला मातीबाहेर आणून सोडलं. काय झालं हे लोकांना कळायच्या आधी हशा सुरू झाला. वसंता गर्दीतून वाट काढत आमच्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या छातीवरची माती कोरडीच होती.

"आजपासून तुमी माहे वस्ताद नाही," तो म्हणाला.

प्रत्येक वाक्याला उलट वाक्य तयार असणारा तो माणूस त्या दिवशी फक्त खांद्यावरचा दुपट्टा काढून त्याच्यापुढे धरत राहिला. शेवटची कुस्ती दुसऱ्याच एका पैलवानानं मारली आणि, सांगायला दुःख होतं, त्याला नोकरी खरंच लागली. मंत्री दिलेला शब्द पाळतात हे सिद्ध करायला त्यांना नेमका तोच दिवस सापडला.

परतीच्या एसटीत मी न राहवून विचारलं, "वस्ताद, समजा तो लढला असता आणि त्याला काहीच झालं नसतं, तर?"

ते म्हणाले, "होऊ शकते. जे झालंच नाही त्याची गवाही कोन देईन? झालं असतं तं साऱ्याहीनं म्हनलं असतं, वस्ताद बरोबर व्हता. आता जलमभर म्हनतीन, वस्तादानं पोराचं नुसकान केलं. म्हनू द्या. त्याच्या मायनं पोरगं माह्या हातात देलं व्हतं, मंत्र्याच्या नाही."

आठवड्याभरात कमिटीची बैठक झाली आणि वस्तादांना कमी करण्यात आलं. खोल्या महिन्याभरात खाली करायच्या होत्या. कारण दिलं होतं, 'तरुणांमध्ये आळसाला उत्तेजन'. ते पत्र घेऊन वस्ताद माझ्याकडे आले.

"यात चुका किती हायेत, पाहून सांगा."

मी पाहिलं. "शुद्धलेखनाच्या सात."

"सातच?" ते म्हणाले, आणि पत्र घडी करून खिशात ठेवलं.

तलावाच्या पलीकडच्या एका गल्लीत, टिनाच्या छपराची एक खोली आणि पुढे थोडं अंगण, इतकी जागा त्यांनी भाड्यानं घेतली. मुरगळलेले पाय, सरकलेले हात बसवून देणं आणि मालिश करणं यावर घर चालू लागलं. आखाड्यात नवे वस्ताद आले, ते झोपत नसत. चारी भिंतींवर आरसे आले, ताकदीच्या पावडरीचे डबे आले, आणि सोमवारची सुट्टी बंद झाली. मी आखाडा सोडला आणि रोज सकाळी वस्तादांबरोबर तलावाला फेरी मारू लागलो. वसंताचं नाव ते काढत नसत. आरा मशीनवर काम करणारा कोणी ओळखीचा भेटला तर मात्र उगीच थांबून विचारत, "सारे चांगले हायेत ना तिकडचे? सारे?"

दोनेक वर्षं अशी गेली. एका सकाळी ते फेरीला आले नाहीत म्हणून मी घरी गेलो, तर दाराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, सरजाकाकूला लकवा मारला. सरकारी दवाखान्यात काकू खाटेवर पडली होती. उजवा हात, उजवा पाय गेलेला, तोंड वाकडं, बोलणं बंद. ते सगळं पाहताना मला सर्वांत अवघड गेलं ते तिचं गप्प असणं.

तीन आठवड्यांनी तिला घरी पाठवलं. डॉक्टर चांगले होते, खरं बोलले. म्हणाले, आता यांना आराम करू द्या, चालण्याची आशा धरू नका. अंगणात खाटेजवळ बसून वस्ताद मला हे सांगत होते आणि संतापानं त्यांचे मोडके कान लाल झाले होते.

"आराम म्हने! मले आराम शिकवते! जिंदगीभर मी दुसरं काय शिकवलं? पन बाबूसाहेब, मानूस उठ्यासाठी झोपते, त्याले आराम म्हनते. उठाचंच नाही म्हून झोपून राहनं, हे आराम नाही. हे हार हाय."

आणि मग त्यांची शेवटची तालीम सुरू झाली. पहिले दोन आठवडे फक्त बोटं. उजव्या हाताचा आंगठा धरून ते म्हणत, "हालव." काकू डोळ्यांनीच त्यांना काय म्हणायचं ते म्हणे. दहा मिनिटं कसरत, मग घंटाभर विश्रांती, पुन्हा दहा मिनिटं. काकूला विश्रांती नको असे, ती डाव्या हातानं खाटेची चौकट बडवायची. "हावरी हाय," वस्ताद मला सांगत. "असे विद्यार्थी लवकर खराब होते." एका दुपारी ते तिचा पाय वर-खाली करत असताना तिच्या तोंडून पहिला शब्द फुटला. "म्हा... ताऱ्या!" ती म्हणाली. त्या शब्दावर वस्ताद इतके खूश झाले की शेजारीपाजारी जाऊन सांगून आले, "बोलली! शिवी देली मले! एकदम साफ!"

पण महिना, दोन महिने गेले तशी मला त्यांचीच काळजी वाटू लागली. डोळे खोल गेले होते. काकूला कुशीवर वळवायला, पाणी द्यायला ते सारखे उठत असणार. दिवसा मालिशीची कामं. मी त्यांची पापणी ओढून पाहण्याइतका धीट नव्हतो, पण म्हणालो, "वस्ताद, तुम्ही झोपत नाही आहात. आम्हाला काय शिकवलंत, आणि स्वतः?"

मला वाटलं, आता एक टोमणा येईल. पण ते काकूकडे पाहत राहिले. तिला झोप लागली होती. आवाज खाली आणून ते म्हणाले, "मी रोज संध्याकाळी झोपत व्हतो, तवा आखाड्यात कोनी आवाज काहून करे नाही, मालूम हाय? हे मागच्या दारात बसून राहे. कोनी बोललं का दगड घेऊन उठे. पंचवीस वर्सं माही झोप हिनं राखली. मी साऱ्या नागपुराले विचारत फिरलो, झोप किती घेता, झोप किती घेता. घरातल्या बाईले एक दिवस विचारलं नाही बाबूसाहेब, का तू कवा झोपतं."

घरी गेल्यावर माझ्या बायकोला मी तो प्रश्न विचारला. ती चकित झाली, आणि मग तिनं जे उत्तर दिलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

काकू उभी राहू लागली, पण पाऊल टाकताना धरायला काही हवं होतं. वस्तादांच्या खांद्यावर भार टाकला की दोघंही डगमगत. हे लकडगंजच्या आरा मशीनपर्यंत कोणी नेलं, मला माहीत नाही. मी नेलं नाही, हे मात्र खरं. एका सोमवारी सकाळी वसंता हातठेल्यावर सागाचे दोन लांब दांडे आणि चार खुंट घेऊन अंगणात आला. दांडे रंधा मारून इतके गुळगुळीत केलेले की हाताला कुठंही कुसळ लागू नये.

वस्ताद उभे राहिले. "वसंता..."

"काकूसाठी आनले," वसंता म्हणाला, त्यांच्याकडे न पाहता. काकूजवळ जाऊन त्यानं तिच्या कमरेची उंची दोरीनं मापली, खड्डे खणले, खुंट पुरले आणि समांतर दांडे ठोकून दिले. दुपार झाली. वस्तादांनी चहाचा कप पुढे केला. "घे."

"नाई. काम हाय."

तो गेला. पुढे पंधरा-वीस दिवसांनी तो पुन्हा आला, खिळे ढिले झाले का पाहायला. मग तसाच येत राहिला. खिळे इतक्यांदा ढिले होत नाहीत, हे त्या अंगणातल्या तिघांनाही कळत होतं आणि तिघंही त्याबद्दल गप्प होते. वर्षभरानं कधीतरी त्यानं चहा घेतला. त्याहून जास्त काही झालं नाही. कोणी माफी मागितली नाही, कोणी आभार मानले नाहीत. पुढे वसंता त्याच आरा मशीनवर मिस्तरी झाला, आणि त्याच्या प्रकृतीची तक्रार मी कधी ऐकली नाही. वस्ताद बरोबर होते म्हणून, की चूक होते म्हणून, हे ठरवता येईल अशी फाईल माझ्याकडे नाही.

काकू मात्र चालली. आधी दांड्यांमधून, मग अंगणाच्या फाटकापर्यंत, मग नळापर्यंत. गल्लीच्या टोकाला एक बारसं होतं, तिथं ती काठी टेकत स्वतःच्या पायांनी गेली, पाळण्याजवळ बसली आणि जमलेल्या बायकांना तिनं सांगितलं, "याले काही येत नाही. मीच हिंमत केली म्हून." वस्ताद बाहेर, लिंबाखाली, तिच्या चपला घेऊन उभे होते. त्यांना हे ऐकू गेलं. मी आजवर अनेकांना मानपत्रं घेताना पाहिलं आहे, पण इतका समाधानी चेहरा पाहिला नाही.

त्यानंतर सात-आठ वर्षांनी वस्ताद गेले. ताप आला, छातीत उतरला आणि पाचव्या दिवशी सगळं संपलं. आखाड्यानं शोकसभा घेतली. सेठजी आता म्हातारे झाले होते, पण अध्यक्ष तेच होते. त्यांनी भरल्या गळ्यानं सांगितलं की कैलासवासी काळबांडे वस्तादांनी या संस्थेची अविश्रांत सेवा केली, आयुष्यात विश्रांती म्हणून घेतली नाही. चारी भिंतींवरच्या आरशांतून सेठजी एकाच वेळी हे बोलत होते. मागच्या रांगेत वसंता बसला होता. तो उठला आणि बाहेर निघून गेला. मीही त्याच्या मागोमाग बाहेर आलो. तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मला पाहून म्हणाला, "त्याहीचा एकबी डाव आला नाही या लोकायले," आणि सायकलवर बसून लकडगंजच्या रस्त्याला लागला.

तेराव्यानंतर मी सरजाकाकूला भेटायला गेलो. ती खाटेवर बसली होती, पांढरं लुगडं, काठी बाजूला टेकवलेली. अशा वेळी बोलायची वाक्यं सगळ्यांची सारखीच असतात. माझंही तसंच झालं. मी म्हणालो, "काकू, वस्तादांनी किती जणांना आपल्या पायांवर उभं केलं."

"बाकीचे सारे आपल्या पायानं आले व्हते," ती म्हणाली. "उभं मलेच केलं."

आता ती रडेल असं मला वाटलं, पण तिनं डावा हात खाटेच्या चौकटीवर दाबला आणि उठायला लागली. उजवा पाय वेळ घेत होता. मी चटकन पुढे झालो.

"बसा!" ती कडाडली. "हात देल्ला का पाय इसरते. चा मांडतो."

मी बसलो. ती आत गेली. एक पाऊल पूर्ण पडायचं, दुसरं जमिनीला घासत यायचं, मध्ये ती थांबायची, दम घ्यायची, आणि पुन्हा तसंच. खाटेपासून चुलीपर्यंत सात-आठ पावलांचं अंतर होतं. मी हात मांडीखाली दाबून ते सगळं अंतर ऐकत बसलो.